कोरी फाइल, वजन साठ एमबी

नव्या प्रकल्पाची सुरुवात नारळ फोडून होते, अशी एक भाबडी समजूत समाजात आहे. आमच्या धंद्यात ती 'सेव्ह अ‍ॅज'ने होते. नारळ, हार, पुढारी आणि भटजी नंतर येतात. त्याच्या कितीतरी आधी आमच्या ऑफिसातल्या कुणीतरी कुणाच्यातरी जुन्या कामाची फाइल उघडलेली असते, तिला नवं नाव दिलेलं असतं आणि "आधीचं सगळं काढून टाकलंय बरं का" असं धादांत खोटं वाक्य उच्चारलेलं असतं.

आमचा धंदा जमिनीला आकार देण्याचा. जमीन आपल्या जागी असते, आम्ही आपल्या खुर्चीत असतो. सर्व्हेअर टेकडीवर टोटल स्टेशन लावून बिंदू मोजून आणतो: क्रमांक, पूर्व, उत्तर, उंची आणि एक शेरा. सॉफ्टवेअर त्या बिंदूंचे त्रिकोण विणतं, त्रिकोणांवरून समोच्च रेषा काढतं. मग आम्ही त्यावर रस्ते, प्लॉट आणि गटारं बसवतो आणि किती खोदायचं, किती भरायचं याचा हिशेब देतो. दर वेळी शून्यापासून सुरुवात नको म्हणून टेम्प्लेट नावाची सोय असते. रेषांचे रंग, अक्षरांची उंची, एककं, नकाशाची चौकट, सगळं आधीच ठरवलेलं. लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे गणपती आणि 'आमचे येथे श्रीकृपेकरून' तयार असतं, फक्त वधूवरांची नावं भरायची, तसं. घोटाळा होतो तो मागच्या वधूवरांची नावं राहून गेली की.

आमच्या टेम्प्लेटचं नाव 'स्टँडर्ड_नवीन_फायनल_जुनं' असं आहे. शेजारीच 'स्टँडर्ड_नवीन_फायनल_हेच_वापरा' नावाची फाइल आहे. ती कुणी वापरत नाही. वापरू नये असं नव्या माणसाला पहिल्याच दिवशी तोंडी सांगितलं जातं. का वापरू नये, हे ज्याला ठाऊक होतं तो नोकरी सोडून गेला.

हे सगळं सांभाळायचं काम माझ्याकडे आहे. माझी निवड वगैरे झाली नव्हती. एका मीटिंगमध्ये मी टेम्प्लेटबद्दल तक्रार केली, साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विषय संपला. तक्रार करणाऱ्याच्याच गळ्यात काम पडतं हा नियम आमच्याकडे लेखी नाही, पण मोडल्याचं ऐकिवात नाही. तेव्हापासून ऑफिसात मी 'टेम्प्लेटवाले'. नातेवाइकांत बायकोने 'डिजिटल विभाग हेच बघतात' असं सांगून ठेवलंय, ते मी खोडून काढलेलं नाही.

या टेम्प्लेटचा मूळपुरुष म्हणजे आखातातून परतलेला एक ड्राफ्ट्समन. ओमानमध्ये रस्त्यांची कामं करून तो पुण्याला आला, तो येताना खजूर, अत्तर आणि ही फाइल घेऊन आला. खजूर संपला, अत्तर उडालं, फाइल उरली. तिच्यात झाडाचं म्हणून जे चिन्ह आहे ते खजुराचं. त्यामुळे पुणे जिल्ह्यातल्या आमच्या तमाम नकाशांत आंबा, जांभूळ, बाभूळ, वड ही सगळी मंडळी खजूर होऊन उभी आहेत. एकदा एका आर्किटेक्टबाईंनी नकाशावर बोट ठेवलं.

"साइटवर इतके पाम आहेत?"

साहेब जराही न दचकता म्हणाले, "प्रपोज्ड आहेत, मॅडम."

बाईंना कल्पना फार आवडली. आज त्या जागेवर खरोखरचे पाम उभे आहेत. ट्रकने आणलेले, काठ्यांचा टेकू दिलेले, आणि टँकरच्या पाण्यावर जगणारे.

ओमानमध्ये वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. वाहतूक कुठल्या बाजूने, हे ठरवणारं कलम सेटिंगांच्या पार तळघरात असतं. तिथे अर्थातच 'उजवी' लिहिलेलं होतं. मी मोठा शोध लावल्याच्या थाटात साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. साहेब म्हणाले, "आपल्याकडे दोन्ही बाजूंनी चालवतात. राहू दे."

त्याच तळघरात आणखी एक कलम दडलेलं होतं. समुद्राकाठच्या सपाट जमिनीवर काम करताना त्या गृहस्थाने सॉफ्टवेअरला बजावून ठेवलं होतं की, १०० मीटरपेक्षा जास्त उंचीचा बिंदू आला तर तो चुकीचा समजून वगळावा. त्याच्या जागी ते शहाणपणाचंच होतं. पण पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर. आम्ही बिंदू घातले रे घातले की सॉफ्टवेअर अख्खं पुणं चुकीचं समजून वगळून टाकी. (या मताचे लोक महाराष्ट्रात इतरही बरेच आहेत.) पडद्यावर काळोख. एक त्रिकोण म्हणून नाही.

आता शहाण्या माणसाने सेटिंग शोधलं असतं. आम्ही नियम काढला. एखाद्या पक्क्या दगडाची उंची १०० धरून मोजणीला सुरुवात करायची, ही सर्व्हेतली जुनी, मान्य रीत. आम्ही तिला पुस्ती जोडली: तो दगड टेकडीच्या माथ्यावरचाच हवा. म्हणजे बाकीची टेकडी आपोआप शंभराच्या खाली. झालं! आमचा सर्व्हेअर प्रत्येक कामाला आधी तिवई खांद्यावर टाकून माथ्यापर्यंत धापा टाकत चढू लागला. "खालच्या पुलाचा कट्टा का नको?" असं त्याने विचारलं की मी "कंपनीचं स्टँडर्ड आहे" असं गंभीरपणे सांगे. बरेच दिवस हे सुखाने चाललं. मग एक इंटर्न मुलगी आली आणि चहा पिता पिता म्हणाली, "सर, ही बरोबरची खूण काढली तर?"

टेकडी दिसू लागली. सर्व्हेअर मात्र अजून माझ्याशी कामापुरतंच बोलतो.

तो जो शेरा लिहून आणतो, त्याचीही एक कथा आहे. शेरा वाचून सॉफ्टवेअर आपोआप चिन्ह बसवतं, पण त्यासाठीचा कोश टेम्प्लेटमध्ये असतो. कोश ओमानचा, सर्व्हेअर सासवडचा. विहिरीला त्याने डब्ल्यूएल लिहिलं, कोशाने ती भिंत मानली. विजेच्या खांबांना त्याने ईपी लिहिलं. कोशात ईपी म्हणजे डांबरी रस्त्याची कड. सॉफ्टवेअरने खांबाला खांब जोडत ओढ्यातून, उसातून आणि एका गोठ्याच्या छपरावरून झकास रस्ता काढला. नकाशा बघून जमिनीच्या मालकाने गावभर पेढे वाटले.

टेकडीच्या माथ्यावर म्हसोबा आहे. शेंदूर फासलेला दगड, पुढे दोन नारळांच्या करवंट्या, वर पत्र्याचा तुकडा. सर्व्हेअरने तिथे शेरा लिहिला, जीओडी. अनोळखी शेरा आला की सॉफ्टवेअर निमूटपणे एक फुली मारतं आणि शेजारी उंची लिहितं. नकाशावर छापून आलं, 'जीओडी ६१२.४५०'. मालकाचे वडील, म्हणजे आबा, कागद डोळ्यांशी धरून बराच वेळ बघत राहिले.

"देव किती वर हाय, हे आजवर कुनी मोजलं नव्हतं," ते म्हणाले. त्यांनी ती प्रत देव्हाऱ्याशेजारी लावली आहे. आमच्या ऑफिसचा फ्रेममध्ये गेलेला हा एकमेव नकाशा.

एककांचा विषय मी टाळणार होतो, कारण त्यात मला बीपीचा त्रास होतो. टेम्प्लेटांच्या यादीत मेट्रिक आणि इम्पीरियल एकाखाली एक असतात आणि माउसचा बाण जे नको त्यावरच जाऊन बसतो. इम्पीरियल निवडलं तर लगेच काही बिघडत नाही, हेच वाईट. टेकडी टेकडीसारखीच दिसते, फक्त तिचे मीटर सॉफ्टवेअर फूट समजून चालतं. शेवटी मातीचा हिशेब काढला की उत्तर घनयार्डांत येतं. एका घनयार्डात सत्तावीस घनफूट. म्हणजे २७,००० घनमीटरचं खोदकाम कागदावर १,००० घनयार्ड होऊन बसतं. मालक खूश. ठेकेदार अण्णांनी मात्र एकदा टेकडीकडे पाहिलं, एकदा कागदाकडे.

"सायेब, एवढी माती तर माझं पोरगं पावसाळ्यात चपलेला लावून आनतंय."

बरं, दुरुस्ती करून घनमीटर दिले तर अण्णांना ते नको असतात. त्यांचा मुरूम ब्रासमध्ये, म्हणजे शंभर घनफुटांच्या हिशेबात. सातबाऱ्यावरचं क्षेत्र हेक्टर-आरमध्ये. आबा बोलणार गुंठ्यांत, म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट. त्यांचा मुलगा प्लॉट विकणार स्क्वेअर फुटांत, आणि त्याची जाहिरात करणारा माणूस 'दोन कार पार्किंगएवढी जागा' अशा मापात. इतक्या एककांत गुण्यागोविंदाने नांदणाऱ्या समाजाला दोनच टेम्प्लेटं देणं, हा सॉफ्टवेअर जगताने आपल्यावर केलेला अन्याय आहे.

अमेरिकेत तर फूटसुद्धा दोन होते. एक आंतरराष्ट्रीय, बरोबर ०.३०४८ मीटरचा, दुसरा सर्व्हे फूट, १२०० भागिले ३९३७ मीटरचा. फरक दहा लाखांत दोन. २०२२ च्या अखेरीस त्यांनी सर्व्हे फुटाला रीतसर निवृत्त केलं. पण आमच्या फायलीतून आजवर कोण निवृत्त झालंय? दहा लाखांत दोन म्हणजे काहीच नाही, असं मलाही वाटायचं. मग कळलं की आमच्या नकाशात पुण्याचं 'उत्तर' विषुववृत्तापासून मोजलेलं असतं, सुमारे २० लाख ४८ हजार मीटर. तिथे हा नगण्य फरक चार मीटर होतो. चार मीटरांवर आमच्या गावी भाऊबंदकीचे दावे तीन-तीन पिढ्या चालतात.

मंगळाकडे निघालेलं नासाचं एक यान १९९९ मध्ये एककांच्या अशाच घोळात गेलं. एकाने पाउंडांत आकडे दिले, दुसऱ्याने ते न्यूटनमध्ये समजले. साहेब ही गोष्ट प्रत्येक नव्या मुलाला खुर्चीत पुढे सरकून सांगतात, आणि सांगून झाली की त्यालाच विचारतात, "बरं, तो वाघोलीचा प्लॉट किती गुंठे झाला?"

मध्यंतरी आम्हाला नागपूरचं काम मिळालं आणि टेम्प्लेटमध्ये एक नवं भूत शिरलं. पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे साठ पट्टे पाडून त्यावर मोजमाप करायची यूटीएम नावाची पद्धत आहे. त्यातली एक सीमा ७८ अंश रेखांशावर, म्हणजे ऐन महाराष्ट्रातून जाते. अमरावती आणि अकोला पुण्या-मुंबईबरोबर ४३ व्या पट्ट्यात. वर्धा, नागपूर, चंद्रपूर ४४ व्यात. वेगळ्या विदर्भावर आपल्याकडे इतकी आंदोलनं झाली, पण नकाशावाल्यांनी अर्धा विदर्भ कधीच वेगळा करून टाकलाय, तोही एकही बस न फोडता.

नागपूरच्या कामासाठी कुणीतरी टेम्प्लेटमध्ये ४४ केलं. काम संपलं, ४४ राहिलं. पुढचं काम पुण्याच्या टेकडीचं. ४३ व्या पट्ट्यातले आकडे ४४ व्यात वाचले की जागा अक्षांश न सोडता बरोबर सहा अंश पूर्वेला सरकते. आमची टेकडी सहाशे तीस-एक किलोमीटर चालत तेलंगणात, भूपालपल्लीच्या परिसरात जाऊन बसली. आमच्या उत्साही पोराने तिच्याखाली उपग्रहाचं चित्र लावलं, रंगीत प्रिंट काढली आणि आम्ही ती मालकासमोर पसरली.

मालक म्हणाले, "आपल्या इथं एवढं जंगल?"

साहेब म्हणाले, "चित्र पावसाळ्यातलं आहे."

मालक बराच वेळ चित्रात आपलं घर शोधत होते. खरं सांगायचं तर मीही शोधत होतो.

शेवटी साहेबांनी टेम्प्लेट शुद्धीकरणासाठी समिती नेमली. कुणाला काय नको ते सांगा, अशी सूचना फिरवली. आलेल्या उत्तरांत कुणाला काय हवं तेच होतं. एकाला नव्या रेषा हव्या होत्या, एकाला मराठी अक्षरं, एकाला ठशाची जागा, एकाला गणपती. काढायच्या वस्तूंवर मात्र एकमत होईना. फायलीत 'साहेब_काढू_नका' नावाचा एक लेअर आहे, त्यावर काहीही नाही. तो काढावा का, असं मी साहेबांनाच विचारलं.

"कुठल्या साहेबांनी सांगितलंय?" साहेबांनी विचारलं.

"तुम्हीच असाल, सर."

"मी नाही. पण मग माझ्या आधीच्या साहेबांनी असेल. राहू दे."

असं 'राहू दे, राहू दे' करत ती कोरी फाइल साठ एमबीची झाली. तिच्यात एक रेघसुद्धा काढलेली नाही, पण उघडायला सांगून माणूस खाली जाऊन कटिंग चहा पिऊन येतो. त्यावर नव्या पोराने उपाय सुचवला: पर्ज. ही कमांड दिली की फायलीत जे जे वापरात नाही ते सगळं साफ होतं. कल्पना सर्वांना पसंत पडली. कोऱ्या फायलीत वापरात काहीच नसतं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. पोराने बटण दाबलं आणि लेअर, चिन्हं, रेषांचे प्रकार, पिढ्यान् पिढ्यांचा संसार, सगळं क्षणात नाहीसं झालं. फाइल इतकी हलकी झाली की ती पाहून मला क्षणभर मोक्ष वगैरे आठवला. मग एका जुन्या कामावरून 'सेव्ह अ‍ॅज' करून आम्ही ते पुन्हा उभं केलं. म्हणजे आता मूळचं सगळं होतंच, वर एका गटाराचा आराखडाही होता.

त्या जुन्या कामातून उत्तर दिशेचा बाणही आला. कागदावर बसावा म्हणून त्या कामाचा नकाशा तीसेक अंश फिरवलेला होता आणि त्याबरोबर बाणही. नव्या कामात नकाशा सरळ, बाण तिरका. आमच्या धंद्यात तीन उत्तर दिशा असतात: खरी, चुंबकाची आणि नकाशाच्या जाळीची. आम्ही चौथी काढली. मालकांचे वास्तुतज्ज्ञ हातात होकायंत्र असूनही बाणावर विसंबले. मुख्य फाटक आग्नेयेला पडतंय, असा निर्वाळा देऊन त्यांनी ते कुंपणाच्या दुसऱ्या टोकाला नेलं. ते टोक ओढ्यात होतं. तिथे मोरी आली, मोरीसाठी भराव आला, भरावासाठी मुरूम आला. अण्णांनी तो ब्रासमध्ये मोजला. मग बाण सरळ केल्यावर कळलं की फाटक मूळ जागी सर्वार्थाने शुभ होतं. तज्ज्ञांना हे सांगायला साहेबांनी मला पाठवलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दिशा बदलली हाच तुमच्या ऑफिसचा दोष आहे. तुमची केबिन कुठे येते?"

माझी केबिन आता स्वच्छतागृहाशेजारी आहे.

नवीन प्रकल्प सुरू केला की टेम्प्लेट फोल्डरांची एक रांगही आपोआप तयार करून देतं: सर्व्हे, पत्रव्यवहार, नकाशे, हिशेब, मंजुऱ्या. ते फोल्डर प्रकल्प संपेपर्यंत जसेच्या तसे रिकामे राहतात. काम सगळं डेस्कटॉपवरच्या 'न्यू फोल्डर'मध्ये चालतं. यावर फार बोलत नाही. वाचकांनी आपापला डेस्कटॉप पाहावा.

राहता राहिली नकाशाची चौकट. उजवीकडे खाली जो कोपरा असतो, त्यात प्रकल्पाचं नाव, गाव, प्रमाण, तारीख. माणूस समोच्च रेषा दहा वेळा तपासतो, पण हा कोपरा वाचत नाही. आमच्या एका रिसॉर्टच्या नकाशावर, खजुराच्या झाडांत वेढलेल्या स्विमिंग पूलशेजारी, सुवाच्य अक्षरांत छापलं गेलं होतं: 'स्मशानभूमी सुशोभीकरण, टप्पा दोन'. तो नकाशा साहेबांनी पाहिला, आर्किटेक्टबाईंनी पाहिला, दोन ठिकाणी त्यावर ठसे उमटले. मालकाच्या सासूबाईंनी चष्मा लावून वाचला तेव्हा कुठे बोंब झाली.

तेव्हा वाचकहो, एक कळकळीची विनंती. तुमच्या हाती कुठलाही नकाशा आला की रंगीत भाग नंतर बघा, आधी तो खालचा कोपरा वाचा. नाव तुमचंच आहे ना, गाव तुमचंच आहे ना, आकडे मीटरमध्ये आहेत की फुटांत, उत्तर कुठल्या दिशेला आहे, एवढं पाहा. काही खटकलं तर सही करण्याआधी फोन करा. दुरुस्तीचे पैसे आम्ही लावत नाही.